कडक उन्हात सायकलिंगसाठी कपडे कसे निवडायचे? आधी फोनवर ‘ड्यू पॉइंट’ बघा

एप्रिल-मे आला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, उन्हात कॉटनच घाला. दुसरा म्हणतो, कॉटन चुकूनही नको, पॉलिस्टरची जर्सीच घ्या. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. कारण पहिला नागपुरातून बोलत असतो आणि दुसरा ठाण्यातून.

उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे ‘उन्हाळ्यासाठी बेस्ट जर्सी’ असं सर्च करून उपयोग नाही. तुमच्या गावातली हवा कोरडी आहे की दमट, हे आधी कळलं पाहिजे. तो आकडा तुमच्या फोनवर फुकट मिळतो. तो कसा वाचायचा आणि त्यावरून कपडे कसे ठरवायचे, ते या लेखात बघू.

सायकल चालवताना अंगात किती उष्णता तयार होते?

मध्यम वेगाने सायकल चालवताना पॅडलवर साधारण १०० वॅट ताकद लागते असं धरू. आपलं शरीर हे काम २० ते २५ टक्के कार्यक्षमतेनेच करतं. म्हणजे १०० वॅट पॅडलला मिळतात तेव्हा ३०० ते ४०० वॅट उष्णता अंगात तयार होते. घरातल्या छोट्या क्वार्ट्झ हीटरची एक कांडी साधारण ४०० वॅटची असते. तेवढा हीटर पोटात चालू आहे असं समजा, आणि वरून ऊन आहेच.

ही उष्णता बाहेर पडायचे मुख्य मार्ग दोन:

• वारा: त्वचेचं तापमान उन्हाळ्यात साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा उष्णता घेऊन जातो. पण हवा ४३ अंश असेल तर उलटं होतं, वाराच आपल्याला उष्णता देतो. दुपारच्या झळा म्हणतात त्या याच.

• घाम: १ लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ४०० वॅटच्या हिशोबाने तासाभरात अंगात १४४० किलोज्यूल तयार होतात. म्हणजे ऊन आणि झळा सोडून दिल्या तरी तासाला ६०० मिलिलिटर घाम वाळायला हवा.

इथे ‘वाळायला’ हा शब्द महत्त्वाचा. हनुवटीवरून टपकलेला थेंब अंगातलं पाणी घेऊन गेला, पण थंडावा देऊन गेला नाही. म्हणून कपड्याची कामं दोनच: घाम वाळू देणं आणि ऊन अडवणं. जर्सीवरचा लोगो, प्रिंट, ‘प्रो फिट’ वगैरे सगळं त्यानंतर.

ह्युमिडिटी नको, ड्यू पॉइंट बघा

वेदर ॲपमध्ये ह्युमिडिटीचे टक्के दिसतात. पण ते टक्के तापमानाप्रमाणे बदलतात. नागपुरात दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के ह्युमिडिटी असेल, तर हवेत तेवढीच वाफ असताना पहाटे २९ अंशाला तीच ह्युमिडिटी ३२ टक्के दिसेल. वाफ वाढलेली नसते, फक्त हवा थंड झालेली असते. त्यामुळे नुसते टक्के बघून अंदाज चुकतो.

ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू, हा त्यापेक्षा सरळ आकडा आहे. हवा किती थंड केली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागेल, ते तापमान. ड्यू पॉइंट जास्त म्हणजे हवेत वाफ जास्त. हवेत वाफ जास्त म्हणजे घामाला वाळायला जागा कमी.

दोन दुपारींची तुलना करू:

• नागपूर: ४३ अंश, ह्युमिडिटी १५ टक्के. ड्यू पॉइंट सुमारे ११ अंश.
• मुंबई: ३४ अंश, ह्युमिडिटी ६५ टक्के. ड्यू पॉइंट सुमारे २६ अंश.

घाम किती जोरात वाळणार, हे त्वचेवरच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांच्या फरकावर ठरतं. वरच्या आकड्यांवरून हिशोब केला तर नागपुरात हा फरक सुमारे ४३ हेक्टोपास्कल येतो आणि मुंबईत सुमारे २२. म्हणजे तापमान ९ अंशांनी कमी असूनही मुंबईत घाम वाळायचा जोर निम्माच. तिथे शर्ट पिळून काढावा लागतो तो यामुळे.

आयफोनच्या वेदर ॲपमध्ये ह्युमिडिटीच्या चौकटीतच ड्यू पॉइंट लिहिलेला असतो. अँड्रॉइडवर अनेक वेदर ॲप तो दाखवतात, विंडी ॲपमध्ये तर त्याचा वेगळा नकाशाच आहे. कपडे निवडायला मी हा ढोबळ नियम वापरतो:

• १५ अंशांच्या खाली: कोरडी हवा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातला उन्हाळा बहुतेक असाच.
• १५ ते २२: मधली हवा. पुणे, नाशिक, सातारा इथे हे बरेचदा दिसतं. वळवाचा पाऊस जवळ आला की आकडा चढतो.
• २२ च्या वर: दमट हवा. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा.

सोबत यूव्ही इंडेक्सही बघा. ८ च्या वर ‘खूप जास्त’ आणि ११ च्या वर ‘अतितीव्र’ असं जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो ११ च्या वर जाणं नेहमीचंच आहे.

कोरड्या हवेत काय घालायचं?

इथे घाम झटकन वाळतो, त्यामुळे खरा शत्रू ऊन आणि झळा. म्हणून अंग झाका.

• फुल बाह्यांचा, पातळ, फिक्या रंगाचा शर्ट. अंगाला थोडा सैल असला तरी चालेल, फडफडेल इतका नको.
• ऑफिस-कॉलेजला ५-७ किलोमीटर जायचं असेल तर पातळ कॉटन किंवा खादी मस्त चालते. कॉटन पाणी धरून ठेवतं, पण कोरड्या हवेत ते पाणी वाळत राहतं आणि कूलरच्या ताट्यांसारखा थंडावा मिळतो.
• हाफ जर्सीच असेल तर आर्म स्लीव्ह्ज घाला. शर्ट आणि स्लीव्ह्जवर अधूनमधून पाणी शिंपडा.
• मान आणि कान झाकायला पातळ बफ किंवा सुती रुमाल. दुपट्टा किंवा स्टोल बांधायचा असेल तर टोकं आत खोचा. लोंबणारं टोक चाकाच्या तारांत किंवा चेनमध्ये अडकलं तर सरळ तोंडावर पडाल.

कोरड्या हवेत एक फसवणूक होते. घाम लगेच वाळत असल्याने तो आलाच नाही असं वाटतं, आणि पाणी कमी प्यायलं जातं. शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उठत असतील तर घाम भरपूर गेलाय. नीट मोजायचं असेल तर राइडच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. मधे जे पाणी प्यायलात ते हिशोबात धरा. १ किलो वजन घटलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी कमी पडलं.

दमट हवेत काय घालायचं?

इथे घाम वाळायचा जोर आधीच निम्मा आहे, कपड्याने त्यात अडथळा आणायला नको.

• पातळ, जाळीदार पॉलिस्टरची जर्सी. कॉटन इथे भिजतं, जड होतं, अंगाला चिकटतं आणि वाळतच नाही.
• पूर्ण उघडणारी चेन असलेली जर्सी घ्या. चढावर वेग कमी होतो, वारा लागत नाही, तेव्हा चेन उघडता आली पाहिजे.
• ढगाळ सकाळी बाह्या नसल्या तरी चालतं. ऊन असेल तर स्लीव्ह्ज घाला, पण पातळ.
• ओले कपडे घासून मांड्या आणि काखा सोलपटतात. लांब राइड असेल तर मापात बसणारी पॅडेड शॉर्ट्स घ्या. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. त्याची शिवणच घासते आणि पॅडचा उपयोग जातो.
• पोहोचल्यावर ओले कपडे लगेच बदला. तासभर तसंच बसलात तर घामोळं आणि गजकर्णाला आमंत्रण.

मधली हवा असेल तर पातळ पॉलिस्टर आणि फुल बाह्या ही जोडी सहसा जमते.

लेबलवर काय वाचायचं?

ऑनलाइन खरेदी करताना ‘कूल’, ‘आइस’, ‘ड्राय’ असे शब्द भरपूर दिसतात. ड्राय-फिट हे तर नायकीचं ट्रेडमार्क नाव आहे, आपल्या बाजारात कुठल्याही पॉलिस्टर टी-शर्टला ते चिकटवतात. त्याऐवजी हे तीन मुद्दे शोधा:

१. धागा. नेहमीच्या हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून पॉलिस्टर लवकर वाळतं. मात्र त्याला वास लवकर लागतो, रोज धुवावंच लागेल.

२. जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. नेहमीचा कॉटन टी-शर्ट १६० ते १८० जीएसएमचा असतो. उन्हाळी जर्सीसाठी १०० ते १३० च्या आसपास बघा.

३. यूपीएफ. कापड किती यूव्ही अडवतं त्याचं माप. यूपीएफ ५० म्हणजे ५० पैकी १ भाग, म्हणजे २ टक्के यूव्ही आत येतो. साध्या पांढऱ्या पातळ कॉटन टी-शर्टचा यूपीएफ ५ ते ८ च्या आसपासच असतो, आणि भिजल्यावर तो आणखी उतरतो. मोकळ्या माळरानावर किंवा हायवेवर तासन्‌तास राइड असेल तर हा आकडा नक्की बघा.

आणि ‘हात लावताच थंड’ या दाव्याबद्दल: कापडाला हात लावल्यावर उष्णता पटकन कापडात जाते म्हणून क्षणभर गार वाटतं. कापड आणि त्वचा एकाच तापमानाला आली की ते संपतं. तासभराच्या राइडमध्ये घाम वाळतो की नाही एवढंच उरतं.

काळा रंग चालेल का?

१९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास छापून आला होता. काळा झगा जास्त तापतो हे खरं, पण तो सैल असल्याने ती उष्णता आतल्या हवेबरोबर निघून जाते आणि त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याएवढीच असते, असं त्यात आढळलं. पण सायकलची जर्सी अंगाला चिकटलेली असते, मधे हवेचा थर नसतो. त्यामुळे जर्सीसाठी फिका रंगच बरा. पांढरा, पिवळा, पोपटी रंग ट्रकवाल्याला लांबून दिसतोही चांगला.

दुकानात करता येतील अशा तीन टेस्ट

• फुंकर टेस्ट: कापड तोंडासमोर ताणून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली तर कापड श्वास घेतंय.
• टॉर्च टेस्ट: कापडामागे फोनची टॉर्च लावा. उजेड सरळ आरपार आला तर ऊनही येणार. दमट सकाळसाठी हे चालेल, नागपूरच्या दुपारसाठी नाही.
• थेंब टेस्ट: ही घरी आणल्यावर, टॅग काढण्याआधी करा. आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच पसरला तर घामही पसरेल आणि लवकर वाळेल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर परत पाठवा.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरवायची क्षमता कमी होते.

हेल्मेट, बॅग आणि फोन

हेल्मेट: गरम होतंय म्हणून काढून हँडलला अडकवू नका. भरपूर छिद्रांचं, फिक्या रंगाचं हेल्मेट घ्या. घाम डोळ्यांत उतरत असेल तर आत पातळ सायकलिंग कॅप किंवा हेडबँड घाला. जाड क्रिकेट कॅप नको, हेल्मेट नीट बसत नाही.

बॅग: पाठीवर भरपूर घाम येतो, आणि लॅपटॉपची सॅक नेमकी तीच जागा बंद करते. कितीही महाग जर्सी घेतली तरी सॅकखाली ती ओलीच राहणार. मागे कॅरिअर बसवून बॅग त्यावर बांधा. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्यांसाठी नव्या जर्सीच्या आधी करायचा खर्च हा.

फोन: आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा असं ॲपलच सांगतं. हँडलवर उन्हात लावलेला फोन तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, आणि शेवटी तो बंदही पडू शकतो. रस्ता आधी बघून ठेवा आणि फोन झिपलॉक पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. काही अडलं तर फोन लावता आला पाहिजे, त्यामुळे बॅटरी वाचवा.

कपडे कुठे हरतात?

आता सगळ्यात महत्त्वाचं. चांगले कपडे घातले की कुठल्याही उन्हात सायकल चालवता येते असं नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे तापमान दाखवतो त्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळून अंग किती थंड होऊ शकतं याची ती ढोबळ मर्यादा. वरच्या उदाहरणात नागपूरचं वेट-बल्ब सुमारे २३ अंश येतं, मुंबईचं सुमारे २८.५. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या २०२२ मधल्या प्रयोगांत, तरुण आणि निरोगी माणसांचं शरीरसुद्धा दमट हवेत सुमारे ३१ अंश वेट-बल्बला तापमान आवरू शकलं नाही. कोरड्या, जास्त तापलेल्या हवेत ही मर्यादा त्याहूनही खाली आली. आणि ती माणसं घरातल्या हलक्या कामाइतकीच हालचाल करत होती. सायकलवर आपण त्याहून बरीच जास्त उष्णता तयार करतो, त्यामुळे आपली मर्यादा आधीच येते.

म्हणून हे पाळा:

• हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी सकाळी ११ ते दुपारी ४ सायकल नको. मैदानी भागात कमाल तापमान ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ वर गेलं असेल, तर लाट धरतात. किनारपट्टीवर हीच सुरुवात ३७ पासून होते. इशारे हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर दिसतात.
• सिग्नलला थांबताना सावली शोधा. २० किलोमीटर वेगाला मिळणारा वारा थांबल्यावर एकदम बंद होतो, अंगातला हीटर मात्र चालूच असतो.
• उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यातच १०० किलोमीटरची राइड लावू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला १ ते २ आठवडे लागतात.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, उन्हात अंगावर काटा येणं, ही थांबायची खूण आहे. सावलीत बसा, चेन उघडा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मिळेल ते गार पाणी अंगावर ओतत वारा घालत राहा. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका. ‘अंगातून घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ असं समजून थांबू नका, सायकल चालवताना झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महागडी जर्सी नसेल तर? कोरड्या गावात जुना, पातळ, फुल बाह्यांचा सुती शर्ट पुरतो. दमट गावात फुटबॉल किंवा धावण्याचा जाळीदार टी-शर्टही चालतो.

जीन्स घालून ऑफिसला जाऊ का? नको. जीन्स जाड असते, भिजली की दिवसभर वाळत नाही. हाफ पँट किंवा पातळ ट्रॅक पँटवर जा, ऑफिसात बदला. उजव्या पायाची मोहरी क्लिपने किंवा रबरबँडने बांधा, चेनमध्ये अडकणार नाही.

बर्फाचा उपयोग होतो का? होतो, विशेषतः दमट हवेत. रुमालात बर्फाचे तुकडे बांधून मानेवर ठेवा. तो वितळताना उष्णता घेतो, त्यासाठी हवा कोरडी असावी लागत नाही.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर कोणती? बाहेर पडायच्या आधी ड्यू पॉइंट आणि यूव्ही इंडेक्स बघा. ड्यू पॉइंट कमी आणि ऊन जास्त असेल तर अंग झाका. ड्यू पॉइंट जास्त असेल तर कपडा पातळ ठेवा आणि चेन उघडता येऊ द्या. दोन्ही आकडे चढलेले असतील तर गजर पहाटे ५ चा लावा.